हुंगा माझं तोंड

“कॅनमध्ये काय हाय, बाई?”

जमादार गित्यांनी काठीचं टोक माझ्या पायाशी ठेवलेल्या कॅनला लावलं. कॅन पाच लिटरचा, ओल्या पोत्यात गुंडाळलेला. आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर सकाळच्या गाडीला असा कॅन असा गुंडाळून कोण नेतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हातभट्टीची दारू अशीच जायची.

“दवाखान्याचं हाय,” मी म्हणाले.

“म्हणजे काय?”

“दवाखान्यात द्यायचं हाय.”

“लोक दवाखान्यातून औषध आणतेत. तुम्ही दवाखान्याला नेऊन देता?”

बाकड्यावरची माणसं हसली. जमादाराच्या मागं उत्तम्या उभा होता. आमच्याच बोरखेडीचा. रंगनाथशेठच्या देशी दारूच्या दुकानात पेट्या उतरवायचा अन् शेठची जीभ म्हणून गावभर फिरायचा. चुगली त्यानंच केली होती, त्याच्या विचकलेल्या दातांवरूनच कळत होतं. अन् पलीकडं, बाजाराला निघालेल्या आमच्या गावच्या सात-आठ बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्या माझ्याकडं बघत होत्या. बघत होत्या म्हणजे वाट बघत होत्या.

कॅनमध्ये माझं मूत होतं. आदल्या दिवसाचं, रात्रीचं अन् त्या सकाळचं, सगळं. ते तसंच्या तसं जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पोचायला हवं होतं. पण स्टँडभर गड्यांसमोर हे तोंडातून कसं काढायचं? अन् मी गप्प राहिले की लोकांना आणखी खात्री पटायची.

मी कडुबाई. बोरखेडीत आमची पिठाची गिरणी. माझा नवरा लिंबाजी दळणाची पोती आणायचा-पोचवायचा, पट्टा अन् जातं माझ्या हातात. गावातली प्रत्येक बाई आठवड्यातून एकदा माझ्या दारात उभी राहायची, अन् दळण होईस्तोवर बाया जे बोलतात ते देवळात बोलत नाहीत. म्हणून शाळेच्या वाटेवरचं रंगनाथशेठचं दुकान बंद करायची गोष्ट माझ्या गिरणीत निघाली. सह्या झाल्या, अर्ज गेला, साहेबांनी मतदानाची तारीख दिली. गावातल्या फक्त बायांचं मतदान. कागदावर दोन बाटल्या. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान जाणार. जी बाई घरी बसली ती उभीच्या बाजूची. म्हणजे शेठला कुणाला फितवायची गरज नव्हती. बाया घरातून निघू नयेत, एवढंच त्याला हवं होतं.

अन् नेमकं त्याच वर्षी माझं तोंड लाल व्हायला लागलं.

गळ्यापासून चढायचं. छाती, मान, गाल, कपाळ, सगळं तांबडंलाल, भट्टीपुढं बसल्यासारखं. थोडा वेळ राहायचं, उतरायचं. पिठानं पांढऱ्या झालेल्या तोंडावर ते असं दिसायचं की लहान पोरं घाबरायची. चिडले की यायचं, जेवले की यायचं, कधी नुसतं बसलं तरी यायचं. मग पोटात कळ यायची अन् मी हागवणीला पळायचे. परत आले की छातीत शिट्टी वाजायची. वर्षात मी निम्मी झाले होते.

एका डॉक्टरनं सांगितलं, पाळी जायच्या वयात तोंड तापतंच. दुसऱ्यानं जंताचं औषध दिलं. तिसरा म्हणाला, पिठाचा दमा आहे, गिरणी सोडा. तिघांनीही जाता जाता विचारलं, “काही घेता का?”

रंगनाथशेठनं ते चहाच्या टपरीवर एका ओळीत बसवलं. “बाटली आडवी करायची म्हणती. रोज संध्याकाळी स्वतःच आडवी होती.”

ही ओळ गावात माझ्या सह्यांच्या कागदापेक्षा जोरात फिरली. गड्याचं तोंड लाल झालं तर ऊन, बाईचं झालं तर दारू. मी डोक्यावरून पदर ओढून तोंड झाकायला लागले. तेव्हा बाया म्हणाल्या, झाकती म्हणजे हायेच काहीतरी.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टर मेश्राम होती. माझ्या लेकीच्या वयाची, केस कसेतरी बांधलेले, पुढं रांग. तिनं मान खाली घालूनच विचारलं, “दारू घेता?”

“लिहिणं थांबव आधी,” मी म्हणाले. “तू चौथी. दारूचं दुकान बंद करायला मी गावाशी वैर घेतलंय, अन् तुम्ही शिकलेली माणसं मलाच विचारता पिता का म्हणून. माझं तोंड बघ, मग विचार.”

तिनं मान वर केली. तोंड तापल्याचं मला कळलं होतं. पदराकडं हात गेला, तर तिनं मनगटच धरलं.

“झाकू नका. बोलत राहा.”

“काय बोलू?”

“मला शिव्या द्या.”

“काहून?”

“चिडलात की होतं ना हे? मग चिडा. मी चंद्रपूरची आहे, मला ऐकायची सवय आहे.”

मी एक शिवी तिला दिली, दोन तिच्या दवाखान्याला, अन् उरलेल्या सगळ्या रंगनाथशेठला. ती एका कानानं शिव्या अन् नळी लावून दुसऱ्या कानानं माझी छाती ऐकत होती. मग म्हणाली, “आता पोटात कळ येतेय?”

“आलीय.”

“जाऊन या. मी थांबते.”

परत आले तर ती रांग सोडून भिंतीला टेकून उभी होती. “तोंड लाल, पोट सैल, छातीत शिट्टी. तीन डॉक्टरांनी तीन आजार वाटून घेतले. मला वाटतं आजार एकच आहे. मी तो पुस्तकात वाचलाय, माणसात पाहिला नाही. आमच्या सरांना आत्ताच विचारलं, ते म्हणतात, पाळीचं आहे, घरी पाठव. मी नाही पाठवत. आधी लघवी तपासू, मग नाव घेऊ.”

तिनं कॅन दिला. तळाला जरासं ॲसिड होतं, लघवी खराब होऊ नये म्हणून. सकाळची पहिली सोडून द्यायची, मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी भांड्यात करून कॅनमध्ये ओतायची. कॅनवर थेट बसायचं नाही, ॲसिड उडतं. ऊन लागू द्यायचं नाही. थेंब सांडला तर हिशेब चुकणार. अन् आधीचे तीन दिवस केळं, टोमॅटो, वांगं, अननस, अक्रोड यातलं काही पोटात जाता कामा नये, नाहीतर तपासणी खोटं बोलते.

“अक्रोड मी फक्त वाण्याच्या कॅलेंडरात बघितलाय,” मी म्हणाले.

“मग केळं सांभाळा,” ती म्हणाली.

ते केळंच आडवं आलं. त्याच तीन दिवसांत रंगनाथशेठनं दुकानात सत्यनारायण घातला. मतदानाच्या तोंडावर देवालाही कामाला लावलं. उत्तम्या प्रसादाचं ताट घेऊन गिरणीत आला. शिरा, अन् शिऱ्यात केळं. दळणाला आलेल्या बाया बघत होत्या.

“मला चालत नाही,” मी म्हणाले. “औषध चालू हाय.”

“बरोबर हाय,” तो बायांकडं वळून म्हणाला. “पिलेल्या माणसानं प्रसादाला शिवू नये.”

नजमाभाभी पुढं झाली. शेजारची, मिरची कांडपवाली, माझ्याबरोबर पहिली सही तिनंच केली होती. तिनं ताट त्याच्या हातातून घेतलं अन् तिथंच उभ्यानं खायला लागली.

“भाभी, तुम्हाला चालतो का?” उत्तम्या म्हणाला.

“साजूक तुपातला हाय, न चालायला काय झालं? देव रागावला तर कडुबाईवर रागावंल. माझी अन् त्याची ओळखच नाही.”

बाया हसल्या. पण हसून घरी गेल्या, अन् घरी जाऊन काय म्हणाल्या ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. तीन बायांनी मतदानाला यायचं नाही असं ठरवलं होतं. प्रसाद नाकारणाऱ्या बाईच्या मागं कुठं जायचं, म्हणाल्या.

तर असा तो कॅन. नजमाभाभी सोबतीला होती. अन् गिते जमादार काठी लावून उभे.

“बाई, ठाण्यात चला. तिथं उघडू,” ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. घाईत होता.

“ठाण्यात गेले तर माझी गाडी जाईल. हे वेळेत पोचलं पाहिजे.”

“अहो, पण आत काय हाय ते तरी सांगा.”

मी गावच्या बायांकडं बघितलं. ठाण्यात गेले तर संध्याकाळी बोरखेडीत एकच बातमी, बाई दारूसकट धरली. मग मतदानाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मी अन् नजमाभाभी, दोघीच. सांगितलं तर जन्मभर हसं.

“साहेब, एवढं काय त्यात,” उत्तम्या म्हणाला. “द्या इकडं. एक घोट घेतो अन् कुठल्या भट्टीची हाय ते इथंच सांगतो.”

कुणी काही म्हणायच्या आत त्यानं पोतं ओढलं, कॅन उचलला, झाकण फिरवलं. टपरीवरचा एक काचेचा ग्लास कुणीतरी पुढं केला. लोकांना मजा वाटत होती. त्यानं कॅन कलता केला.

मला वाटलं, ओतू दे. पिऊ दे. देवाशपथ मला तसं वाटलं, अन् ते लिहायला मला लाज नाही. पण ॲसिड होतं आत, अन् बाहेर पडणारा थेंब माझ्या आजाराच्या हिशेबातला होता. मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

“सांडू नको. आत ॲसिड हाय, घसा जळंल. अन् ॲसिडापेक्षा जास्ती त्यात माझं मूत हाय.”

उत्तम्याच्या हातात कॅन तसाच तिरका. त्यानं वास घेतला, अन् त्याचं तोंड असं झालं की नजमाभाभीला राहवलं नाही.

“घे की घोट. भट्टी ओळखणार होतास ना?”

हशा फुटला. मी कॅन काढून घेतला, झाकण लावलं, पोतं गुंडाळलं. एक थेंबही सांडला नव्हता. अन् तेवढ्यात ते गळ्यापासून वर चढायला लागलं. उत्तम्याला तेच हवं होतं.

“बघा, बघा. मूत असंल नाहीतर काही असंल. बाईचं तोंड बघा. सकाळी सकाळी चढली.”

हशा थांबला. टोपल्यावाल्या बाया पुन्हा बघायला लागल्या. माझा हात सवयीनं पदराकडं गेला. मग मी तो पदर डोक्यावरून काढला अन् कमरेला खोचला. तोंड पेटलं होतं, ते तसंच उघडं ठेवून मी जमादारापुढं जाऊन उभी राहिले.

“हुंगा माझं तोंड.”

“आँ?”

“हुंगा. तुम्हाला पिलेला माणूस हुंगून कळतो ना? मग मला हुंगा. समद्यांसमोर.”

“बाई, बाईमाणसाला मी कसा... त्याला लेडीज पोलीस लागती.”

“बाईमाणसाचा कॅन उघडायला नाही लागली ती?”

जमादारानं टोपी काढली. का काढली कुणास ठाऊक, बहुतेक टोपी घालून ते त्याला जमलं नसतं. मान पुढं केली. मी त्याच्या तोंडावर असा श्वास सोडला की छातीतली शिट्टीही त्याला ऐकू गेली असंल.

“लसूण,” तो म्हणाला. “लसणाची चटणी अन् भाकर.”

“दारू?”

“नाही.”

“मोठ्यानं सांगा. आमच्या गावच्या बाया तिकडं उभ्या हायेत.”

“दारू नाही,” जमादार गाडी लागल्याचं ओरडतात तशा आवाजात म्हणाला. “बाईनं दारू घेतलेली नाही.”

“आता ह्याचं हुंगा,” मी उत्तम्याकडं बोट केलं.

उत्तम्या एक पाऊल मागं सरला. एकच सरला, पण सगळ्यांनी बघितलं. दुसऱ्या पावलाला तो मुतारीच्या भिंतीमागं गेला होता.

गाडीत नजमाभाभी माझ्या शेजारी टेकली. मग म्हणाली, “मूत सांगितलंस तेवढं पुरं होतं गं. तोंड कशाला हुंगायला लावलंस परक्या गड्याला?”

मी खिडकीतून बाहेर बघत सांगितलं. गेल्या आठवड्यात दुपारी गिरणी बंद ठेवून मी पोत्यांवर पडले होते. डोळे मिटलेले, झोप नव्हती. लिंबाजी आत आला. मला वाटलं, अंगावर काही टाकायला आला. तो वाकला, माझ्या तोंडाजवळ नाक आणलं, अन् हुंगलं. दोनदा. मग पाय न वाजवता बाहेर गेला. तीस वर्षं माझ्या हातचं खाल्लेला माणूस. मी डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर त्याला मरण आलं असतं, अन् मला बघवलं नसतं.

“तेव्हा ठरवलं,” मी म्हणाले. “चोरून हुंगण्यापेक्षा चव्हाट्यावर हुंगा.”

नजमाभाभीनं माझ्या पायाशी ठेवलेला कॅन उचलला, अन् दवाखाना येईपर्यंत लेकरासारखा मांडीवर धरून बसली.

लघवीचा आकडा इतका मोठा आला की तपासणाऱ्यांनी चूक झाली म्हणून पुन्हा लावून बघितला. मग पोटाचा फोटो काढला. मेश्राम बाईनं तो उजेडापुढं धरला.

“ही लहान आतड्यातली गाठ. बोराएवढी आहे. आणि हे लिव्हरमधले ठिपके, तिथून गेलेले. याला कार्सिनॉइड म्हणतात. जात कॅन्सरचीच, पण चाल गोगलगाईची. ही गाठ एक रसायन तयार करते. लिव्हरमध्ये ठिपके झाले की ते रसायन थेट रक्तात उतरतं. मग तोंड लाल होतं, पोट सुटतं, दम लागतो. असंच राहिलं तर हृदयाच्या झडपा खराब होतील.”

मी फोटो बघत राहिले. कॅन्सर म्हटल्यावर रडायला यायला हवं होतं, पण मला दुसरंच काहीतरी दिसत होतं.

“म्हणजे माझ्या पोटात भट्टी हाय,” मी म्हणाले. “न सांगता लावलेली. ती गाळती, अन् मला चढती.”

मेश्राम बाईनं फोटो खाली ठेवला. “सरांना हे मी तासभर समजावत होते. तुम्ही एका ओळीत सांगितलंत.” मग ती कामाचं बोलली. “आजच भरती व्हा. सुया चालू करू, मग मुंबईला ऑपरेशन.”

“रविवारी मतदान हाय.”

“तुम्ही चिडलात तर झटका येऊ शकतो. हे मी घाबरवायला सांगत नाही.”

“मी नाही चिडले तर बाया घरातून निघतील का?”

ती माझ्याशी भांडली. मीही भांडले. शेवटी तिनं पोटावर पहिली सुई टोचली, उरलेल्या बर्फाच्या डब्यात घालून दिल्या, आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाईला स्वतः फोन केला, अन् मला सांगितलं, “सोमवारी सकाळी इथं दिसला नाहीत तर मी बोरखेडीत येईन. मला चंद्रपूरच्या शिव्या येतात.”

रविवारी मी शाळेच्या फाटकाशी सकाळपासून उभी होते. पदर कमरेला. सुयांनी आग कमी झाली होती, तरी दुपारी एकदा तोंड पेटलंच. मी झाकलं नाही. स्टँडवरच्या त्या टोपल्यावाल्या बाया रांगेत होत्या. त्यातली एक जाता जाता म्हणाली, “आज काय, लसूण का?” अन् रांगभर हसू गेलं. प्रसादावरून रुसलेल्या तिघींपैकी दोघी आल्या. तिसरी नाही आली, तिच्यावर माझा राग अजून आहे.

अन् लिंबाजी. ज्यांना चालवत नव्हतं त्या म्हाताऱ्यांना तो गिरणीच्या हातगाड्यावर पोती टाकून, त्यावर बसवून आणत होता. घामानं निथळत, माझ्याकडं न बघता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. शेवटच्या खेपेला त्यानं रंगनाथशेठच्या आंधळ्या मावशीला आणलं. तिनं कुठल्या बाटलीवर शिक्का मारला ते देवाला ठाऊक, पण बाहेर आल्यावर तिनं माझं तोंड हातानं चाचपलं अन् म्हणाली, “गरम हाय गं पोरी.”

संध्याकाळी पेटी फुटली. बाटली आडवी झाली. निम्म्याच्या वर थोडकीच मतं, पण वर. मी सोमवारी सकाळी मेश्राम बाईच्या दारात होते.

याला आता बरीच वर्षं झाली. आतड्यातली गाठ काढली, लिव्हरमधले ठिपके आहेत अजून. दर महिन्याला कुल्ल्यात एक जाड सुई घेते, तिनं ते ठिपके गप्प बसतात. गिरणी चालू आहे. शाळेच्या वाटेवर दुकान नाही. हे सगळं मी कुणाला विचारून लिहीत नाही, अन् कुणाला वाईट वाटलं तर गिरणीवर यावं, मी तिथंच असते.

पण मला आठवते ती मुंबईतली सकाळ. ऑपरेशनच्या आधी भूल देणारा डॉक्टर खाटेशी आला. हाताला सुईची नळी लावलेली होती. भुलेत भट्टी एकदम उसळू नये म्हणून तिच्यातून औषध चालू होतं. तो मान खाली घालून विचारत होता. साखर? नाही. दमा? नाही, तो दमा नव्हताच. तंबाखू? नाही.

“दारू?”

“थेंब नाही,” लिंबाजी माझ्या आधी बोलला. इतक्या जोरात की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. “मी सांगतो ना साहेब. मी स्वतः...”

अन् तिथं तो थांबला. माझ्याकडं बघितलं, अन् डोळे खाली गेले. कान लाल झाले, माझं तोंड व्हायचं तसे. मला तेव्हा कळलं, त्या दुपारी मी जागी होते हे त्याला ठाऊक होतं.

मी त्याचा हात धरला.

“त्यांना बोलू द्या,” डॉक्टर म्हणाला. “बाई, दारू?”

“लिहा साहेब,” मी म्हणाले. “गावातली बंद केली. पोटातली बंद करायला आलेय.”